नोंद लिहा, शेरा नको: वर्गात बसून मुलांचं शिकणं कसं पाहावं

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकणं चालू असतानाच वेळोवेळी करायच्या मूल्यमापनाच्या, आठ साधनांत पहिलं नाव 'दैनंदिन निरीक्षण' हे आहे. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून प्रत्येक शिक्षकाच्या वहीत त्याचा रकाना आहे, आणि सगळ्यांत आधी कॉपी-पेस्ट होतो तोही हाच. 'अभ्यासात रस घेतो', 'गटकार्यात आनंदाने सहभागी होतो', 'वाचनात सुधारणा आवश्यक' अशा तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. यातलं कुठलंही वाक्य कुठल्याही मुलापुढे चालतं. म्हणूनच त्यातून उद्या वर्गात काय करायचं ते कधी कळत नाही.

सातारा-सांगली भागातले प्राथमिक शिक्षक, डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेचे छात्राध्यापक आणि आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. वही, पेन्सिल, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि दहा मिनिटं गप्प बसण्याची तयारी, एवढ्यावर ती चालते. चौथी गोष्ट सर्वांत अवघड.

आधी प्रश्न लहान करा

'मुलं कशी शिकतात ते पाहायचंय' असं ठरवून बसलात तर एका तासिकेत चार पानं भरतील आणि हाती काही लागणार नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल. वजाबाकीत अडलेलं मूल पुढच्या मिनिटभरात काय करतं, कुणाकडे बघतं? चौघांच्या गटात साहित्याला पहिला हात कोण लावतं? जत तालुक्यातल्या मराठी शाळेत घरी कन्नड बोलणारं मूल अडलं की कुणाला विचारतं आणि कोणत्या भाषेत? एका वेळी एकच प्रश्न घ्या आणि तो वहीच्या पानावर सगळ्यांत वर लिहा. पाच मिनिटांनी भरकटायला होतंच. तेव्हा वर नजर टाकायची.

वेळही निवडावी लागते. जूनमध्ये शाळा उघडल्यावरचे पहिले दोन आठवडे टाळा, तेव्हा पहिलीची मुलं अजून रडत असतात आणि वर्गाची घडी बसलेली नसते. पंधरा ऑगस्टच्या कवायतीचा आठवडा आणि चाचणीचे दिवसही टाळा. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जुलैत पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तिथे बोलण्याची नोंद घेण्याचा अट्टहास करू नका. त्या दिवसांत हात, नजर आणि जागा बदलणं एवढंच टिपा. कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात नोव्हेंबरच्या सुमारास तोडकऱ्यांची मुलं वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. अशा मुलाची नोंद चौथ्या दिवशी घेऊन 'अबोल आहे' असा निष्कर्ष काढणं अन्याय आहे. नव्या गावात चौथ्या दिवशी कोण बोलतं?

बसायचं कुठे

पाहुण्यांना खुर्ची मागच्या भिंतीपाशी देतात, आणि तिथून फक्त डोकी आणि वेण्या दिसतात. मागून निरीक्षण करणाऱ्यांच्या नोंदी शिक्षकाबद्दल भरभरून असतात आणि मुलांबद्दल कोरड्या, त्याचं कारण तेच. फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, शिक्षकाच्या वाटेत न येता, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील असं बसा. पहिली-दुसरीला मुलं बसकरावर असतील तर तुम्हीही खाली बसा. खुर्चीवरून खालच्या मुलाची वही दिसते, पण मांडीखाली लपवलेली बोटं दिसत नाहीत, आणि मोजणी तिथेच चाललेली असते.

पहिले दोन दिवस फक्त बसायचं. वही उघडायची, लिहायचंही, पण त्या नोंदी वापरायच्या नाहीत. नवा माणूस आला की मुलं हाताची घडी घालून बसतात आणि शिक्षकही नकळत नमुना पाठ घेतात. तिसऱ्या दिवशी एखादं पोरगं तुमच्याकडे पाठ करून शेजारच्याला चिमटा काढेल, तेव्हा समजा की काम सुरू करायला हरकत नाही. 'तुम्ही काय लिहिताय?' असं कुणी विचारलंच तर खरं सांगा: 'तुम्ही कसं शिकता ते लिहून ठेवतोय, म्हणजे शिकवायला सोपं जाईल.' मोबाइल दप्तरात राहू द्या. मोबाइलमध्ये वेळ बघितली तरी चार डोकी भोवती जमतात.

मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना आधी स्पष्ट सांगायचं की शिक्षकाचं मूल्यमापन चाललेलं नाही. हे तोंडी सांगून भागत नाही, वागण्यातही दिसावं लागतं. केंद्रप्रमुखांनी तर या नोंदी शाळेच्या शेरेबुकात चुकूनही उतरवू नयेत. एकदा तसं झालं की पुढच्या वर्षी त्या शाळेत खरा वर्ग पाहायला मिळत नाही.

दहा मिनिटं, एक मूल

सुरुवात सलग नोंदीने करा. एक मूल निवडायचं, दहा मिनिटं फक्त तेच पाहायचं आणि जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं. पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. हात दुखायला लागला की माणूस घटना सोडून सारांश लिहू लागतो, आणि सारांश म्हणजे शेराच.

पानाचे दोन भाग करा. डावीकडे दोन तृतीयांश जागा 'दिसलं-ऐकलं' यासाठी. उजवीकडचा भाग 'मला वाटतं' यासाठी, आणि तो शाळा सुटेपर्यंत कोरा. लिहिण्याचा वेग वाढवायला चार-पाच खुणा पुरतात: पा म्हणजे पाहिलं, बो म्हणजे बोललं, लि म्हणजे लिहिलं, बाण म्हणजे कुणाकडून कुणाकडे, प्रश्नचिन्ह म्हणजे ऐकू आलं नाही. मुलांची नावं लिहायची नाहीत, अक्षरं वापरायची. मुलाचं बोलणं मात्र जसंच्या तसं. 'व्हय', 'न्हाय', 'आमच्यात असं करत्यात' याचं प्रमाण मराठीत भाषांतर केलंत तर विचार कुठे अडला त्याची खूण पुसली जाते.

तिसरीच्या गणिताच्या तासाची अशी एक नोंद नमुन्यादाखल घेऊ. फळ्यावर ५२ − २७. क ही मुलगी, ख तिच्या शेजारचा मुलगा.

११:१४ – क ने उदाहरण उतरवलं. २ वर बोट ठेवलं, मग ७ वर. ओठ हलतात.
११:१५ – डावा हात बाकाखाली, बोटं दुमडते. थांबली. ख च्या वहीकडे पा.
११:१५ – ख → क: 'दोनातनं सात जात न्हाईत. मग सातातनं दोन काढ की.' क ने ५ लि.
११:१६ – क ने पुढे ३ लि. उत्तर ३५. वही ख कडे सरकवली. ख ने मान हलवली.
११:१७ – बाई: 'कळलं का सगळ्यांना?' वर्ग एका सुरात: 'होऽऽ बाई.' क चेही ओठ हलले.
११:१८ – बाईंनी फळ्यावर दशक सुटा करून २५ लि. क ने ३५ खोडलं, २५ लि. रबर ख चं.

अशा पाच मिनिटांत बरंच सापडतं. क ला एक अंकी वजाबाकी येते. ७ − २ आणि ५ − २ दोन्ही बरोबर आहेत. ती ख च्या वहीत डोकावली, पण उत्तर उचललं नाही. तिने नियम ऐकला आणि वापरला. ख ने कॉपी दिली नाही, त्याने शिकवलं, आणि चुकीचं असलं तरी पूर्ण खात्रीने शिकवलं. हा नियम त्याने बहुधा पहिलीतल्या 'मोठ्यातून लहान वजा करायचं' यावरून स्वतःच घडवला असावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, तास संपल्यावर क च्या वहीत २५ आहे. संध्याकाळी वही तपासणारे शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतील. वहीत न दिसणारी गोष्ट फक्त त्या पाच मिनिटांत दिसते. वर्गात बसायचं ते तेवढ्यासाठी.

त्या नोंदीत 'हुशार', 'मंद', 'चंचल', 'लाजाळू', 'आगाऊ', 'लक्ष नाही' यातला एकही शब्द नाही हेही पाहा. डाव्या रकान्यात हे शब्द आले की ते खोडून, असं का वाटलं ते लिहायचं. 'लक्ष नाही' याच्या जागी: '११:२० ते ११:२२ खिडकीबाहेर पाहत होता, रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली; बाईंनी नाव घेऊन विचारल्यावर बरोबर उत्तर दिलं.' आता हे लक्ष नसणं आहे का? निर्णय उजव्या रकान्यात, आणि तोही नंतर.

शाळा सुटल्यावर तासाभराच्या आत बसून नोंद पूर्ण करा. 'बोटं' एवढंच लिहिलेलं आज आठवतं. उद्या कोणती बोटं आणि कशाला ते आठवत नाही.

सगळा वर्ग पाहायचा असेल तर

एका मुलावरून वर्ग कळत नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने नजर फिरवण्याची पद्धत वापरा. पट २४ असेल तर हजेरीतलं दर चौथं नाव घ्या, म्हणजे सहा मुलं झाली. दर वीस सेकंदांनी एकाकडे पाहायचं, त्या क्षणी जे चाललंय त्याचं एक अक्षर लिहायचं आणि पुढच्याकडे जायचं. सहा मुलांचा फेरा दोन मिनिटांत होतो, वीस मिनिटांत दहा फेरे, एकूण साठ नोंदी. अक्षरं पाच पुरेत: का म्हणजे दिलेल्या कामात, ब म्हणजे कामाबद्दल बोलणं, इ म्हणजे इतर बोलणं, प म्हणजे नुसतं पाहणं, वा म्हणजे वाट पाहणं.

मुलांचा क्रम आधी ठरलेला हवा आणि तो मोडायचा नाही. नाहीतर नजर आपोआप खोडकर पोराकडे जाते, आणि शांतपणे काहीच न करणारी मुलगी वीस मिनिटं सुटून जाते.

'वा' हा रकाना मुद्दाम ठेवलाय. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतात; पहिलीला हात धरून गिरवायला शिकवताना दुसरीतली मुलं वही तपासून घ्यायला रांगेत उभी असतात. बाहेरून हा गोंगाट 'शिस्त नाही' असा दिसतो. साठांपैकी वीस नोंदी 'वा' निघाल्या तर दोष मुलांत नाही, कामाच्या आखणीत आहे, आणि ती दुरुस्त करता येते: गणित सुटलं की पुढे काय करायचं ते आधी सांगून ठेवणं, किंवा जोडीने वह्या ताडून पाहणं.

दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न दाखवता ही नोंद करून पाहा. साठपैकी ४८ जुळल्या तर मेळ ८० टक्के, आणि तेवढा पुरेसा मानतात. त्याहून कमी आला तर बहुतेक वेळा डोळे नव्हे, अक्षरांच्या व्याख्या ढिल्या असतात. फळ्याकडे पाहणारं मूल 'का' की 'प'? हे बसण्याआधी ठरवायचं.

बोलणं कोणाचं, कोणाशी

कोऱ्या पानावर बैठकीचा नकाशा काढा. शिक्षकाने नाव घेऊन विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे त्या मुलाच्या चौकोनाकडे एक बाण. मूल आपणहून बोललं तर उलटा बाण. मुलांमधलं बोलणं तुटक रेघेने. सगळ्या वर्गाने एका सुरात दिलेल्या उत्तरांसाठी कोपऱ्यात वेगळ्या काड्या. वीस मिनिटांनी पान समोर धरलं की कोणत्या बाकांकडे बाण गेलेच नाहीत ते शब्दाविना दिसतं. मुली-मुलगे, पुढचे-मागचे, गावातले-वस्तीवरचे असे रंग नंतर भरा; आधी भरलेत तर तुम्ही तेच शोधत बसाल.

सुरातल्या उत्तराच्या काड्या काळजीने मोजा. 'होऽऽ बाई'मध्ये अर्धा वर्ग शेजारच्याच्या तोंडाकडे पाहून आवाज मिळवतो, आणि शिक्षकाला वर्ग पुढे गेल्यासारखं वाटतं.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात तेही घड्याळावर पाहा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं होतं. तीन सेकंदांच्या पुढे थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण फळ्यापाशी उभं राहून ते मोजून पाहा.

बी.एड. केलेल्यांना फ्लँडर्स या संशोधकाचे वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार आणि दर तीन सेकंदांची नोंद आठवत असेल. शिक्षक किती बोलतात ते मोजायला ते साधन चांगलं आहे. पण त्यात सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांचे, आणि शांतता किंवा गोंधळ असा दहावा. गटात चाललेलं मुलांचं सगळं आपसातलं बोलणं या दहाव्या खान्यात जाऊन पडतं. क आणि ख चं संभाषण तिथे 'गोंधळ' ठरलं असतं. आपल्या कामासाठी ते साधन उपयोगाचं नाही.

गटकाम पाहताना तोंडांआधी हात पाहा. पहिली दोन मिनिटं साहित्य कुणाच्या हातात गेलं? चौघांत काड्यांचा एकच गठ्ठा दिला तर तो बहुधा एकाच्या मांडीवर जातो आणि बाकीचे तिघे प्रेक्षक होतात. तोच गट, पण दोन गठ्ठे दिले की बोलणं बदलतं: 'तुझ्यातलं दे की एक', 'किती झालं तुझं?' तेव्हा मुलांच्या स्वभावावर बोट ठेवण्याआधी साहित्याची संख्या लिहा. आणि बाजूला बसून पाहणारं मूल 'सहभाग नाही' म्हणून खोडू नका. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात 'बघ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे. अंगणवाडीत तर पुष्कळ मुलं आधी बघून मगच खेळात शिरतात. ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या, वर्गांमुळे सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (शाळांचा एक गट) राज्यभर माहीत झालं. तसे फरशीवर आखलेले तक्ते फोटोत छान येतात. मूल त्या तक्त्यावर काय करतं ते मात्र फोटोत येत नाही, त्यासाठी शेजारी बसावं लागतं.

मधल्या सुट्टीत वही खिशात ठेवून दहा मिनिटं काढा. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाजवळ बसतं, ताटं धुताना कोण कुणाला पाणी घालतं. वर्गात मराठीत तोंड न उघडणारं जतकडचं मूल कबड्डीत कन्नडमध्ये सगळ्या गटाला हुकूम सोडत असेल, तर 'अबोल' हा शब्द कायमचा बाद. सागरगोटे खेळणाऱ्या मुली पाचातले दोन उचलल्यावर खाली किती उरले ते न मोजता सांगतात. त्यातली एखादी तुमच्या वर्गात 'गणितात मागे' म्हणून नोंदलेली असू शकते. या नोंदी नंतर लिहायच्या, खेळात वही नेली की खेळ मोडतो.

अर्थ लावताना

उजवा रकाना भरताना एक नियम कडक पाळा: प्रत्येक घटनेची किमान तीन कारणं लिहायची. फळ्यावरचं न उतरवता शेजारच्याच्या वहीतून उतरवणाऱ्या मुलाचं पहिलं कारण 'कॉपी करतो' हेच सुचतं. दुसरं: त्याला फळा दिसत नसेल. तिसरं: फळ्यावरचं लिहून होण्याआधी पुसलं जात असेल. दुसरं कारण तपासायला फार काही लागत नाही. दोन दिवस त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि पुन्हा पाहा. फरक पडला तर पालकांना सांगून डोळे तपासून घ्यायला लावा.

क च्या बाबतीतही अंदाज तपासता येतो. तिला एकटीला तीन उदाहरणं द्या: ६४ − ३८, ६० − २४ आणि ५८ − २३. ख चा नियम तिच्या मनात बसला असेल तर पहिल्याचं उत्तर ३४ आणि दुसऱ्याचं ४४ येईल, तिसरं मात्र बरोबर ३५ येईल. उत्तरं आल्यावर 'का चुकलं?' असं विचारायचं नाही. 'कसं काढलंस ते मला सांग बघू' एवढंच. मग दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देऊन तेच उदाहरण करायला सांगा. काड्यांनी बरोबर आणि कागदावर चूक असेल तर समज आहे, ती मांडणीशी जोडलेली नाही, आणि शिकवायचं तेवढंच आहे.

अशीच अट बदलून पाहायची आणखी एक जागा संख्यांची नावं. ५२ समोर लिहिलेलं असताना काही अडचण नसलेलं मूल 'बावन्न' ऐकून २५ लिहितं, कारण मराठीत एकक आधी बोललं जातं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि त्यावर राज्यभर वाद झाला, त्यामागे हीच अडचण होती. म्हणून गणिताची नोंद घेताना उदाहरण तोंडी दिलं होतं की फळ्यावर, हे न चुकता लिहा.

निरीक्षकाच्या स्वतःच्या दोन खोडी आहेत. पहिली, मदत करणं. मूल अडलं की बोट दाखवावंसं वाटतं; एकदा दाखवलंत की पुढची सगळी मुलं तुमच्याकडे बघतात आणि त्या दिवसाची नोंद गेली. दुसरी, नीटनेटक्या अक्षराच्या आणि स्वच्छ गणवेशाच्या मुलाला सगळ्याच बाबतीत झुकतं माप देणं. यावर उपाय म्हणजे अक्षरखुणांनी लिहिलेली नोंद आठवड्याने, मूल कोण ते न आठवता, पुन्हा वाचणं.

गप्प बसण्याला एकच अपवाद. मुलाला मारहाण होताना दिसली किंवा अंगावर वळ दिसले, तर ती निरीक्षणाची बाब राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. तिथे भागलं नाही तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

वर्गशिक्षकांशी बोलणं

त्याच दिवशी, दहा मिनिटं, दोघंच. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर नको. डावा रकाना वाचून दाखवा आणि थांबा. वर सांगितलेले तीन सेकंद इथेही लागू. पुष्कळदा वर्गशिक्षकच म्हणतात, 'अहो, ती ख च्या शेजारी बसायला लागल्यापासून असं करतेय.' मुलाला वर्षभर पाहणाऱ्याकडे जी माहिती असते ती दहा मिनिटं पाहणाऱ्याकडे नसते.

मग वर्णनात्मक नोंद दोघं मिळून लिहा. क साठी ती अशी होईल: 'एक अंकी वजाबाकी अचूक. वरचा अंक लहान असल्यास खालच्यातून वरचा वजा करते. काड्यांच्या गठ्ठ्यांनी दशक सुटा करते, लेखी मांडणीत करत नाही. रीत शेजाऱ्याकडून ऐकून लगेच वापरते.' ही नोंद यादीत सापडणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही चिकटवता येणार नाही. अक्षरांवरून नावं कळणारा कागद वहीत ठेवू नका, आणि पानाचा फोटो काढून कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

तीन आठवड्यांनी त्याच तासाला, त्याच कोपऱ्यात पुन्हा दहा मिनिटं बसा. या वेळी नोंद ख ची घ्या. नियम त्याचा होता, आणि तो आणखी कुणाकुणाला शिकवून झालाय ते पाहायचं राहिलंय.